हेड रायटर बदलला की मालिकेत नक्की काय बदलतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई तुमच्याकडे न्यू जर्सीला आल्यापासून तुम्ही दोघी रोज दुपारी 'जनरल हॉस्पिटल' ही अमेरिकन डेली सोप बघता. २०२४ च्या जानेवारीत दोन हेड रायटर, म्हणजे मुख्य लेखक, जाऊन त्यांच्या जागी दोन नवे आल्याची बातमी आली, तुम्ही पुढच्या सोमवारपासून फरक शोधायला लागलात, काहीच दिसेना, मग कुठे काहीतरी वेगळं वाटायला लागलं तोवर उन्हाळ्यात त्या नव्या दोघांपैकी एक जण गेला आणि आधी काढलेल्यांपैकी एक परत आला. तर हे लोक सारखे लेखक का बदलतात, बदल पडद्यावर दिसायला किती दिवस लागतात, आणि आवडलं किंवा नाही आवडलं तर त्याचं माप कुणाच्या पदरात घालायचं. आणि आईंचा एक छोटा प्रश्न, मालिकेतली पात्रं अधूनमधून बीजेचं नाव घेतात ती बीजे कोण. तो शेवटी घेते.

मी गेली अठरा वर्षं डेली सोप लिहितेय, जास्त मराठी, थोडं हिंदी. संवादापासून सुरुवात केली, मग पटकथा, आता कथाविस्तार करते. अमेरिकेत काम केलेलं नाही, पण रोज एक एपिसोड काढायची ही जी पद्धत आहे ती मुळात तिकडे तयार झाली आणि मला तिचं फार आकर्षण आहे, त्यामुळे तिकडच्या सोपचे लेखक कोण, कधी आले, कधी गेले हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. तिकडचं सांगताना जिथे माझा अनुभव लागू पडतो तिथेच तो घालते.

पहिली गोष्ट म्हणजे 'लेखक बदलला' या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आपल्याकडे टायटलमध्ये कथा, कथाविस्तार, पटकथा, संवाद अशी वेगळी नावं येतात ना, तसंच तिकडे हेड रायटर पुढच्या सहा महिन्यांची मोठी गोष्ट ठरवतो, कोण कुणाला सोडणार, कुणाचं गुपित कधी फुटणार वगैरे. त्याच्या खाली ब्रेकडाऊन रायटर असतात, ते आठवड्याच्या पाच दिवसांची वाटणी करतात, सोमवारी कुठले सीन, शुक्रवारी कुठे सोडायचं. मग स्क्रिप्ट रायटर त्या आराखड्यावर प्रत्यक्ष बोलणं लिहितात, एकेक एपिसोड एकेकाकडे. मग स्क्रिप्ट एडिटर सगळ्यांचा सूर एक करतो आणि कोण कधी कुठे काय म्हणालं होतं ते सांभाळतो. वर्षाला साधारण अडीचशे एपिसोड या साखळीतून बाहेर पडतात. बातमी येते ती मात्र फक्त सगळ्यात वरच्या माणसाची.

आता तुम्ही सोमवारपासून फरक शोधलात तो का दिसला नाही ते बघा. नवीन माणूस खुर्चीत बसतो तेव्हा पुढचे कित्येक एपिसोड शूट झालेले असतात, त्याच्या पुढचे लिहून झालेले असतात, आणि त्याच्याही पुढचे ब्रेकडाऊन चॅनलने पास केलेले असतात. 'जनरल हॉस्पिटल'मध्ये हे अंतर काही आठवड्यांचं आहे. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या दुसऱ्या सोपमध्ये तर सहा महिन्यांच्याही वर जातं, कारण ते फार आधी शूट करून ठेवतात. तिथे रॉन कार्लिवाटी २०१७ पासून हेड रायटर होते, २०२४ मध्ये त्यांना काढून पॉला क्विकली आणि जीन मेरी फोर्ड यांना आणलं, पण त्यानंतर कित्येक महिने लोक घरात बसून कार्लिवाटींचेच एपिसोड बघत होते. म्हणजे नवीन लेखिका कामाला लागलेल्या, त्यांची गोष्ट अर्धं वर्ष पुढे गेलेली, आणि प्रेक्षक 'नवीन टीमला काही जमत नाही' म्हणून वैतागलेले.

हे माझ्यावर आलेलं आहे म्हणून कळकळीने सांगतेय. एका चालू मराठी मालिकेत मला मधेच बोलावलं, दोनशेच्या पुढे एपिसोड झालेले, आधीची टीम गेलेली. चौदा एपिसोडची बँक, म्हणजे आधीच करून ठेवलेला साठा, तयार होती, एका मोठ्या ट्रॅकचा, म्हणजे उपकथेचा, प्रोमो शूट होऊन चॅनलवर लागलाही होता. त्या ट्रॅकमध्ये नायिका धाकट्या जावेवर चोरीचा आळ घेते, आणि मला तो मुळीच पटलेला नव्हता कारण तिचा स्वभावच तसा नव्हता, पण प्रोमो लागलाय म्हटल्यावर तो ट्रॅक करणं भाग होतं. माझं नाव टायटलला पहिल्याच आठवड्यात आलं. लोकांनी मला भरपूर सुनावलं, 'नवीन बाईने नायिकेची वाट लावली' म्हणून, आणि त्या एपिसोडांमधली एक ओळही माझी नव्हती. मी ठरवलेली पहिली गोष्ट पडद्यावर यायला साडेपाच आठवडे लागले. आपल्याकडे बँक खरं तर इतकी मोठी नसतेच, बऱ्याचदा सकाळचा सीन रात्री लिहून जातो, तरी साडेपाच आठवडे. तेव्हा तिकडे दोन-तीन महिन्यांच्या आत काही निष्कर्ष काढू नका, आणि 'डेज' बघत असाल तर आठ-नऊ महिने तरी द्या.

दुसरं, का बदलतात. याचं एक उत्तर नाही, शोवर अवलंबून आहे, पण नेहमीची कारणं मोजकीच आहेत. रेटिंग घसरलं की पडद्यावरच्या स्टारला काढण्यापेक्षा लेखकाला काढणं सोपं आणि स्वस्त, लोक दुसऱ्या दिवशी त्याची अनुपस्थिती बघत नाहीत. तिकडे सोपच्या लेखकांची कॉन्ट्रॅक्ट १३-१३ आठवड्यांच्या चक्रावर चालतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी ठेवायचं की नाही हा प्रश्न टेबलावर येतोच. आपल्याकडे चक्र वगैरे नसतं, गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी फोन येतो. कधी निर्मात्याशी पटत नाही, कधी चॅनलला गोष्ट तरुण हवी असते, कधी माणूस खरंच थकतो. रोज एक एपिसोड, सुट्टी नाही, हे काम माणसाला आतून कोरडं करतं आणि ते स्वतः त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

आणि यातून कुणीच सुटलेलं नाही. अर्ना फिलिप्स यांचं नाव कदाचित ऐकलं नसेल, पण रोजची मालिका हा प्रकार ज्यांनी उभा केला त्यात त्या सगळ्यात पुढे. 'गाइडिंग लाइट' त्यांनी १९३७ मध्ये रेडिओवर सुरू केली, 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' १९५६ मध्ये टीव्हीवर. लिहायच्या नाहीत, बोलायच्या, सगळी पात्रं स्वतः वठवत, आणि सेक्रेटरी उतरवून घ्यायची. त्यांना त्यांच्या स्वतःच्या 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'वरून १९७३ मध्ये काढलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या वारल्या. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. पण त्यांनी मागे काय ठेवलं बघा. अ‍ॅग्नेस निक्सन आणि विल्यम बेल दोघंही त्यांच्या हाताखाली शिकलेले. निक्सन यांनी पुढे 'वन लाइफ टू लिव्ह' आणि 'ऑल माय चिल्ड्रन' काढल्या, बेल यांनी बायको ली फिलिप बेल यांच्याबरोबर १९७३ मध्ये 'द यंग अँड द रेस्टलेस' काढली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला या बेलसाहेबांच्या मालिकेत दिसतं म्हणून जरा थांबते. बेल १९७३ पासून १९९८ पर्यंत, पंचवीस वर्षं, त्या शोचे हेड रायटर होते. मग खुर्ची गेली केय ऑल्डन यांच्याकडे. या बाई विद्यापीठात पीएचडी करत होत्या, प्रबंधासाठी बेल यांची मुलाखत घ्यायला गेल्या आणि त्यांनी लिहून बघायला सांगितलं, १९७४ पासून त्या टीममध्ये. म्हणजे हेड रायटर व्हायच्या आधी चोवीस वर्षं लेखकांच्या त्याच खोलीत. १९९८ ला कागदोपत्री हेड रायटर बदलला, पण प्रेक्षकाला घर बदलल्यासारखं वाटलं नाही, कारण कुठल्या पात्राने कुठल्या साली काय गमावलंय हे ऑल्डनबाईंना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या २००६ मध्ये शो सोडून गेल्या आणि मग २०१९ पर्यंतच्या तेरा वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा तिथे वरचं नाव बदललं. जुने प्रेक्षक त्या वर्षांबद्दल अजून तक्रार करतात. प्रत्येक नवीन माणूस वाईट लिहिणारा होता असं नाही हो, त्यातले काही उत्तम होते. पण प्रत्येकाला आपली गोष्ट रुजवायला वर्ष लागतं आणि वर्ष भरेपर्यंत पुढचा आलेला असतो, मग अर्धी पेरलेली गोष्ट उपटून फेकायची, पात्राला अचानक सुबुद्धी द्यायची किंवा परगावी पाठवायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वर कोण आलं यापेक्षा खाली कोण राहिलं ते बघा. मालिकेची आठवण त्या खालच्या माणसांकडे असते.

यावर माझ्याच कामातलं एक उदाहरण देते, अजून बोचतं. एका मालिकेत मी संवाद लिहायचे. आमच्याकडे एक मुलगी होती, असिस्टंट, तिच्याकडे एक जाड वही. प्रत्येक एपिसोडला कोण कुठे होतं, कुणाच्या गळ्यात काय होतं, कोण कुणाशी काय खोटं बोललं, सगळं तारीखवार. कथेचा लेखक बदलला आणि नव्याने आपली टीम आणली, मग ती मुलगी गेली, वही पण तिच्याबरोबर गेली. मला तेव्हा त्याचं गांभीर्य कळलं नाही. दोन महिन्यांनी नवीन टीमने एक हाय पॉइंट लिहिला, सासऱ्यांना ट्रंकेत जुनं पत्र सापडतं, ते पत्र वाचतात आणि कोसळतात. अतिशय सुंदर सीन होता, मी संवाद मनापासून लिहिले, नटाने जीव ओतला. आणि एपिसोड चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास आम्हीच दाखवलं होतं की सासऱ्यांना लिहिता-वाचता येत नाही, जमिनीच्या कागदावर अंगठा करताना त्यांना वाटलेली लाज हा तर त्यांचा पूर्ण एपिसोड होता. माझ्याही डोक्यातून गेलं होतं. प्रेक्षकांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. साताऱ्याहून एका आजींनी पोस्टकार्ड पाठवलं होतं, रागाचं नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं होतं की ते वाचायला कधी शिकले, तो भाग माझा बघायचा राहिला का. ती मुलगी असती तर दोन मिनिटांत म्हणाली असती की मॅडम, पत्र नातवाकडून वाचून घेऊ. आणि सीन दुप्पट चांगला झाला असता, नातू वाचतोय आणि मधेच थांबतो, आजोबा म्हणतात पुढे वाच.

डग्लस मारलंड म्हणून तिकडचे फार मोठे सोप लेखक होऊन गेले, 'जनरल हॉस्पिटल', 'गाइडिंग लाइट', आणि मग १९८५ पासून १९९३ मध्ये वारले तोपर्यंत 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'. त्यांनी नवीन हेड रायटरसाठी काही सूचना लिहून ठेवल्यात, त्या आपल्याकडे प्रत्येक चॅनलच्या भिंतीवर लावायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. आधी शो बघा, त्याचा इतिहास शिका, प्रेक्षकांची पत्रं वाचा, सेटवरच्या सगळ्यांशी बोला, जुन्या मुख्य पात्राचा स्वभाव मोडू नका, आणि पहिले सहा महिने कुणालाही काढू नका. सहा महिने! आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात जुन्या टीमचे नंबर ग्रुपमधून जातात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सरसकट 'बदल वाईट' असं मी म्हणणार नाही. तुमच्याच शोचं बघा. १९६३ मध्ये सुरू झालेलं 'जनरल हॉस्पिटल' सत्तरच्या दशकात इतकं घसरलं होतं की बंद पडायची वेळ आली होती. १९७८ मध्ये ग्लोरिया मॉन्टी निर्मात्या म्हणून आल्या, त्यांनी वेग बदलला, सीन छोटे केले, तरुण पात्रं पुढे आणली, तेव्हा लिहायला मारलंडच होते, आणि १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये ल्यूक आणि लॉरा या पात्रांच्या लग्नाला ३ कोटी लोक टीव्हीपुढे बसले. तिथे बदल केला नसता तर आज तुमच्या आईंना बघायला शो नसता. पण बघा, तिथे बदल निर्मात्यापासून झाला. लेखक कितीही चांगला असला तरी वर बसलेला निर्माता आणि चॅनल तेच राहिले तर चवही बरीचशी तीच राहते. २०१२ मध्ये 'वन लाइफ टू लिव्ह' संपलं आणि तिथले निर्माते फ्रँक व्हॅलेंटिनी आणि हेड रायटर कार्लिवाटी, म्हणजे वर 'डेज'मध्ये आले तेच, दोघं 'जनरल हॉस्पिटल'वर आले. २०१५ मध्ये कार्लिवाटी गेले. व्हॅलेंटिनी राहिले. त्यानंतर हेड रायटर बदलत राहिले, निर्माते तेच.

हे डोक्यात ठेवून २०२४ कडे बघा. जानेवारीत क्रिस व्हॅन एटन आणि डॅन ओकॉनर गेले, पॅट्रिक मुलकाही आणि एलिझाबेथ कोर्ट आले. उन्हाळ्यात मुलकाही गेले, व्हॅन एटन परत आले, कोर्ट तिथेच. तुम्हाला हा गोंधळ वाटला, मला कोर्टबाई दिसल्या. त्या बरीच वर्षं याच शोच्या लेखनविभागात होत्या, खालून वर आलेल्या. व्हॅन एटनही घरचेच. मुलकाही हे मोठे, अनुभवी लेखक, पण सहा महिन्यांत कुणाचीही गोष्ट मूळ धरत नाही, त्यामुळे त्यांचं माप काढणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय आधीचं वर्ष विसरू नका. २०२३ मध्ये लेखकांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस चालला. नटांचाही संप झाला पण सोपचे नट वेगळ्या करारात येतात त्यामुळे ते कामावर होते, एपिसोड चालू राहिले, लेखकांच्या जागी दुसऱ्यांनी लिहिले. म्हणजे पाच महिने गोष्ट एका हातात, मग परत जुन्या हातात, मग चार महिन्यांनी नव्या हातात. त्या काळात एखादा ट्रॅक तुम्हाला तुटल्यासारखा वाटला असेल तर तो तुटलाच होता, तुमच्या बघण्यात काही चूक नाही.

तर थोडक्यात, बातमीनंतर दोन-तीन महिने काही ठरवू नका, निर्माता बदलला का ते आधी बघा, आणि श्रेयनामावलीची पूर्ण यादी रोज येत नाही पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी थांबवून खालची नावं वाचा. हेड रायटर नवा आणि बाकी सात-आठ नावं जुनी असतील तर घर तेच आहे. एकदम पाच नावं गेली तर मात्र काळजी करा. आणि श्रेय म्हणाल तर, एखाद्या पात्राचं बोलणं मनाला लागलं तर ते स्क्रिप्ट रायटरचं, शुक्रवार सोमवारपर्यंत छळत राहिला तर ब्रेकडाऊनवाल्याचं, आणि सहा महिन्यांपूर्वीची बारीकशी गोष्ट आज अचानक मोठी झाली तर हेड रायटरचं.

आता आईंची बीजे. १९९४ ची गोष्ट, तेव्हा क्लेअर लबीन हेड रायटर होत्या. बॉबी आणि टोनी यांची लहान मुलगी बीजे, शाळेच्या बसला अपघात होतो आणि ती जाते. त्याच वेळी तिची चुलत बहीण मॅक्सी हृदयाच्या आजाराने मरायला टेकलेली असते. बीजेचं हृदय मॅक्सीला देतात. मग तो सीन येतो, टोनी, बीजेचा बाप आणि स्वतः डॉक्टर, मॅक्सीच्या पलंगाशी वाकतो आणि तिच्या छातीला कान लावून आपल्या मुलीचं हृदय ऐकतो. मी तो कितीतरी वेळा बघितलाय, लिहायला बसायच्या आधी सुद्धा बघितलाय. आज तुम्ही बघता ती मोठी मॅक्सी म्हणजे तीच मुलगी. लबीनबाई १९९६ मध्ये शो सोडून गेल्या, त्यानंतर त्या खुर्चीत कितीतरी जण बसून उठले, तरी बीजेचं नाव अजून निघतं, कारण खोलीत कुणाला तरी ते आठवत असतं. पुढच्या वेळी आईंना ते नाव ऐकू येईल त्या दिवशी तारीख लिहून ठेवा आणि शेवटी नावं आली तर स्क्रिप्ट कुणाचं होतं ते मला इथे कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.